खारेपाटणचा ताम्रपट आणि संशोधनलेखाचा साचा

दक्षिण कोकणच्या शिलाहारांचा इतिहास मुख्यत्वे ज्या एका लेखावर उभा आहे, तो म्हणजे रट्टराजाचा खारेपाटण येथील ताम्रपट. शके ९३०, कीलक संवत्सर, ज्येष्ठ पौर्णिमा, म्हणजे इ. स. १००८ हा त्याचा काळ. अव्वेश्वर देवाच्या पूजाअर्चेसाठी आत्रेय नामक शैव आचार्यास गावे दिल्याची नोंद त्यात आहे. हा ताम्रपट प्रथम प्रसिद्ध केला तो बाळशास्त्री जांभेकरांनी, मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात. बाळशास्त्री पोंभुर्ल्याचे, म्हणजे त्याच मुलखातले. पुढे पन्नासएक वर्षांनी, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पूर्वी अध्यापक असलेल्या कीलहॉर्न यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या तिसऱ्या खंडात त्याचे पुन्हा संपादन केले, आणि १९७७ मध्ये म. म. वा. वि. मिराशी यांच्या शिलाहार लेखसंग्रहात त्याला पुन्हा स्थान मिळाले.

एकदा वाचलेले पत्रे पुन्हा पुन्हा का वाचावे, असे कोणी विचारील. याचे उत्तर मधल्या काळात संशोधनलेखाला आलेल्या साच्यात आहे. १८७२ मध्ये बर्जेस यांनी ‘इंडियन अँटिक्वरी’ सुरू केले आणि १८८८ पासून ‘एपिग्राफिया’चे भाग निघू लागले. तेथे लेख कसा मांडावा याची एक शिस्त बसत गेली. पत्रे कोठे सापडले, सध्या कोणापाशी आहेत, संख्या किती, मापे काय, कडी व मुद्रा आहे काय, हे प्रथम. मग लिपी, भाषा व लेखनाच्या लकबी. त्यानंतर आशय, तिथीची शहानिशा आणि स्थलनिश्चिती. शेवटी ओळींचे आकडे घालून मूळ संहिता, बहुधा तिचे भाषांतर, आणि शक्य तेथे ठशाचे चित्र. झिजलेले पण ओळखू येणारे अक्षर चौकटी कंसात. कोरणाऱ्याच्या हातून सुटलेले अक्षर संपादकाने घातल्यास त्यास तारकाचिन्ह. अशुद्धाची दुरुस्ती तळटीपेत किंवा गोल कंसात.

आम्हां वकिलांना ही मांडणी परकी वाटत नाही. साक्षीदाराने काय पाहिले आणि त्यावरून त्याला काय वाटले, या दोहोंची गल्लत होऊ द्यावयाची नाही, एवढ्यासाठीच तर आमचा निम्मा व्यवसाय चालतो!

याच ताम्रपटातील एक उदाहरण घेऊ. रट्टराजाचा पूर्वज ऐयप याला चंद्रपुराजवळ नारळाच्या पाण्याने अभिषेक झाला, असे त्यात म्हटले आहे. हे चंद्रपूर म्हणजे गोव्यातील चांदोर, असे विद्वान मानतात. हे मत सयुक्तिक आहे. तथापि ‘चांदोर’ हे नाव पत्र्यावर नाही, ते संपादकाचे अनुमान होय. साचा पाळलेल्या लेखात ते स्थलनिश्चितीच्या परिच्छेदात राहते. न पाळलेल्या लेखात ते संहितेत शिरते, आणि दहा वर्षांनी कोणी तरी ‘ताम्रपटात चांदोरचा स्पष्ट उल्लेख आहे’ असे बिनदिक्कत लिहून मोकळा होतो.

तिथीचेही तसेच. गोव्याचे कदंब आपल्या लेखांत कलियुगाची वर्षे देत. समजा, ४२७० हा आकडा वाचला. ती वर्षे गत धरली तर शके १०९१ येते. चालू धरली तर १०९०. संवत्सराचे नाव व वार जुळवून पाहिल्याखेरीज निर्णय करता येत नाही. मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी फ्लीट यांच्यासाठी गुप्तकालीन लेखांच्या तिथी गणिताने तपासून दिल्या, त्या याच कारणाने.

देवस्थानांच्या स्मरणिकांत छापले जाणारे लेख मी आवडीने वाचतो. त्यांत श्रद्धा असते, कष्टही असतात. परंतु शिलालेखाचा ‘सारांश’ तेवढा दिलेला असतो. मूळ ओळी नाहीत, कंस नाहीत, ठसा नाही. मानपान आणि महाजनकीचे वाद अशा सारांशावर लढविले जातात, आणि एखादे राजनाम मूळ दगडावर होते की लेखकाने भरले, हे सांगावयास कोणी उरलेले नसते.

ठसा घेणे तितकेसे अवघड नाही. शिळा पाण्याने व कुंचल्याने स्वच्छ करावी, ओला कागद तीवर बसवून जाड कुंचल्याने ठोकावा, म्हणजे तो अक्षरांच्या खाचांत जातो. किंचित सुकला की गादीने शाई लावावी. काळ्या भूमीवर पांढरी अक्षरे उमटतात. मात्र हे जीर्णोद्धारापूर्वी झाले पाहिजे. सभामंडप रंगविणारा कारागीर शिळेवरही ऑइलपेंटचा हात फिरवितो, आणि खाचा भरून गेल्यावर कागदाला धरावयास काही राहत नाही.