मोडलेल्या पायवाटा

१ जून १९४८ रोजी अहमदनगरहून पुण्याला पहिली एसटी सुटली. पुढं गावोगावच्या फाट्यावर गाडी थांबू लागली. त्याआधी आमच्याकडं आठवडी बाजार पायीच व्हायचा. डोक्यावर पाटी, खांद्यावर घोंगडी. अंतर कोसात मोजायचं. बायांचं जातं, विहिरीचं पाणी, सरपण पहाटेपासूनच सुरू. त्याला कुणी व्यायाम म्हणत नव्हतं, ते कष्टच होते. गिरणी न् नळ आले तेव्हा बाया सुटल्या, हे चांगलंच झालं.

पण कष्टांबरोबर चालणंही गेलं. आता रानात जायलाही फटफटी लागते. वापर नसल्यानं पायवाटा मोडल्या, आणि शुगर, बीपी गावातही आलं. डॉक्टर म्हणतात, रोज अर्धा तास चाला. पण सांजेला एखादी बाई नुसती चालायला निघाली की पारावरून सवाल येतो, "कुठं निघालीस गं आक्का?" बिनकामाचं चालणं गावाला अजून पटत नाही.

वारीला मात्र असं कुणी विचारत नाही. आळंदी ते पंढरपूर, अडीचशे किलोमीटरच्या आसपासची वाट हीच माणसं टाळ वाजवीत तुडवतात. म्हणजे पाय शाबूत आहेत, सोबत हवी. सांजेला चौघी मिळून निघाल्या, तर पारही गप्प बसेल.