सदतीस शब्द आणि वीस अजिंक्यपदे

मुलींच्या खेळाबद्दल बोलताना आपण जिद्द, घाम, मेहनत यांचे गोडवे फार गातो. पैसा कुणी दिला हे मात्र विचारत नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या महिला टेनिस संघाची कहाणी मला आवडते ती त्यासाठीच. तिचे मूळ कोर्टावर नाही, कायद्यात आहे.

१९७२ साली तिथे 'टायटल नाइन' आले. मुख्य वाक्य जेमतेम ३७ इंग्रजी शब्दांचे. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने स्त्री-पुरुष भेद करायचा नाही, एवढाच आशय. गंमत पाहा, त्यात खेळाचा उल्लेखच नाही! पण मुलींना शिष्यवृत्त्या, प्रशिक्षक, प्रवासखर्च मिळू लागला तो त्याच वाक्याच्या जोरावर. एनसीएए या बलाढ्य क्रीडासंघटनेने आधी विरोध केला, आणि मग स्वतःच महिलांच्या स्पर्धा भरवायला घेतल्या. त्यापायी बायकांनी बायकांसाठी चालवलेली एआयएडब्ल्यू बंद पडली. मला याची रुखरुख वाटते.

एनसीएएची १९८२ची पहिली मोठी महिला टेनिस स्पर्धा स्टॅनफर्डनेच जिंकली. १९८६ ते १९९१ तर सलग सहा वर्षे! प्रशिक्षक फ्रँक ब्रेनन यांच्या काळात एकूण दहा अजिंक्यपदे झाली. त्यांच्यानंतर आलेल्या फोरूडबाई सत्तरच्या दशकात याच संघातून खेळलेल्या. त्यांनीही २०१९ पर्यंत बरोबर दहा मिळवली. २०१६ साली संघाचे मानांकन होते पंधरावे. टल्साच्या अंतिम सामन्यात समोर होता ओक्लाहोमा स्टेट, म्हणजे त्याच राज्यातला संघ. पोरींनी ४-३ असा तो जिंकला.