महाराणी ताराबाई : चित्र-शिल्पांतील रूप

(1675–1761). सरसेनापती हंबीरराव मोहिते यांची कन्या आणि छत्रपती राजाराम महाराजांची पत्नी. 1700 मध्ये सिंहगडावर राजारामांचे निधन झाल्यावर, वयाच्या पंचविशीत, तिने राज्याची सूत्रे हाती घेतली आणि 1707 पर्यंत औरंगजेबाला दख्खनेत झुंजत ठेवले. कोल्हापूरची गादी तिनेच उभी केली.

तिची आज सर्वांच्या डोळ्यांसमोर असलेली प्रतिमा मात्र तिच्या मृत्यूनंतर शतकाहून अधिक काळाने साकारली. ती रंगवणारे महादेव विश्वनाथ धुरंधर (1867–1944) कोल्हापुरातच जन्मले, हा योग मनाला भिडतो. त्यांच्या चित्रात ती रणात घोड्यावर स्वार आहे. दरबारातली, मसनदीवर बसलेली ताराबाई त्यांनी निवडली नाही, ही निवड मोलाची. कासोटा घातलेल्या लुगड्यात मांड ठोकता येते. त्यामुळे लढण्यासाठी तिला पुरुषी वेश द्यावा लागत नाही.

कोल्हापुरात कावळा नाक्यावर शिल्पकार रवींद्र मेस्त्री यांनी घडवलेला तिचा अश्वारूढ पुतळा आहे. घोड्याचे पुढचे दोन्ही पाय हवेत आहेत. एवढ्या वजनाचा तोल मागच्या पायांवर पेलणे हे ओतकामातले अवघड कौशल्य.

रणातल्या वीरांगनेची अशी प्रतिमा इतरत्रही, पण वेगळ्या माध्यमात घडली. जपानमध्ये एकोणिसाव्या शतकात उतागावा कुनियोशी याने तोमोए गोझेनसारख्या वीरांगना लाकडी ठशांतून छापल्या. तिथे प्रत्येक रंगाला वेगळा ठसा कोरावा लागे, पण छापील चित्र स्वस्तात घरोघरी पोचे.