टाइपरायटरपर्यंत जाऊ द्या

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

२०१० सालची गोष्ट. रात्रीचे अकरा वाजून गेले होते. आमचा तेरा वर्षांचा मुलगा टीव्हीला जुनं, कुणाकडून तरी विकत घेतलेलं प्लेस्टेशन जोडून बसला होता. पडद्यावर अंधारी दालनं आणि सडक्या चेहऱ्यांची माणसं. मी म्हणालो, ‘बंद कर ते.’ तो म्हणाला, ‘अब्बा, दोनच मिनिटं. टाइपरायटरपर्यंत जाऊ द्या.’

मला ती थाप वाटली. मुडद्यांच्या खेळात टाइपरायटर कुठून येणार? मी भिंतीवरचं बटण बंद केलं. तो रडला नाही, भांडला नाही. उठून झोपायला गेला. त्याच्या त्या वाक्याचा अर्थ कळायला मला बरीच वर्षं लागली.

तो आता नोकरीसाठी दूर असतो. मागच्या ईदला आला, तेव्हा मीच विषय काढला. त्या मालिकेचे जुने भाग हल्ली संगणकावर पुन्हा मिळतात. ते त्यानं माझ्या लॅपटॉपवर घालून दिले आणि म्हणाला, ‘अब्बा, खेळून बघा. मग बोलू.’ पन्नाशी उलटलेला, कविता लिहिणारा माणूस अशा रीतीनं ‘रेझिडेंट ईव्हिल’च्या वाड्यात शिरला.

मालिकेचा जन्म जपानमधल्या ओसाका शहरातला. तिथल्या कॅपकॉम या कंपनीनं १९८९ साली ‘स्वीट होम’ नावाचा एक खेळ काढला होता. कियोशी कुरोसावा यांच्या त्याच नावाच्या भयपटावरून तो बेतलेला. पछाडलेलं घर, त्यात अडकलेली चार-पाच माणसं आणि जवळ मोजकंच सामान. हा खेळ करणाऱ्या तोकुरो फुजिवारा यांच्या मनात पुढं ती कल्पना पुन्हा नव्यानं मांडायची होती. ते काम त्यांनी शिंजी मिकामी या तरुणाकडे सोपवलं. मिकामींनी तोवर डिस्नेच्या ‘अलादिन’वरचा लहान मुलांचा खेळ केला होता! मार्च १९९६ मध्ये खेळ बाजारात आला. जपानमध्ये त्याचं नाव ‘बायोहझार्ड’. अमेरिकेत ते नाव आधीच दुसऱ्यांनी घेतलेलं असल्यानं तिकडं ‘रेझिडेंट ईव्हिल’ झालं. अशा खेळांना ‘सर्व्हायव्हल हॉरर’, म्हणजे जीव वाचवण्याचा भयखेळ, हे नाव याच्या जाहिरातीपासून रुळलं.

एक गंमत सांगतो. या जपानी खेळातली पात्रं जपानमध्येसुद्धा इंग्रजी बोलत होती आणि खाली जपानी अक्षरं उमटत होती. आमच्या घरात बोलणं दखनीत आणि माझं लिहिणं मराठीत. त्यामुळं मला ते फारसं परकं वाटलं नाही.

आता वाड्यात जाऊ. पहिल्या दहा मिनिटांत माझी फजिती झाली. माणूस वळवायचा म्हणजे बैलगाडी वळवावी तसं. शिवाय कॅमेरा कधी छताच्या कोपऱ्यात, कधी जिन्याखाली. आपण चालतो, पण पुढं काय आहे ते दिसत नाही. नुसता पाय ओढल्याचा आवाज येतो. जेवणघराच्या बाजूच्या बोळात कुणीतरी पाठमोरं बसलेलं असतं, ते सावकाश मान वळवून आपल्याकडे पाहतं. मी लॅपटॉपच मिटला. दुसऱ्या दिवशी धीर करून एका लांब दालनातून निघालो, तर खिडकीची काच फोडून कुत्रा आत आला. त्यानंतर खिडकी दिसली की माझी बोटं आपोआप थांबायची.

ही भीती बरीचशी गरिबीतून आलेली आहे. प्लेस्टेशनची मुख्य स्मरणशक्ती होती दोन मेगाबाइट. आज मोबाइलवर काढलेला एक फोटो त्याहून मोठा असतो. एवढ्याशा जागेत सगळा वाडा हलता-फिरता उभा करणं शक्य नव्हतं. खेळणाऱ्याच्या डोळ्यांतून वाडा दाखवावा, हा सुरुवातीचा विचार सोडून द्यावा लागला. १९९२ साली ‘अलोन इन द डार्क’ या फ्रेंच खेळानं एक वाट दाखवली होती : खोल्यांची चित्रं आधीच तयार ठेवायची आणि त्यांत फक्त माणसं हलवायची. तीच वाट इथं धरली. चित्र स्थिर, म्हणून कॅमेरा स्थिर. आणि कॅमेरा स्थिर, म्हणून कोपऱ्यापलीकडचं दिसत नाही. दारांचंही तसंच. दार उघडलं की पडदा काळा होतो आणि ते दार सावकाश करकरत उघडताना दिसतं. तेवढ्या वेळात यंत्र पुढची खोली तबकडीवरून वाचून घेत असतं. यंत्राची ती सवड म्हणजे आपल्या छातीतली धडधड. कविता लिहिणाऱ्याला हे चटकन पटतं. ओळीत जागा कमी असते, म्हणूनच न सांगितलेलं मोठं होतं.

सामानाचीही तीच तऱ्हा. क्रिसला सहा खिसे, जिलला आठ. पिस्तुलाला एक खिसा, गोळ्यांना दुसरा, किल्लीला तिसरा. गोळ्या इतक्या कमी की समोरच्या मुडद्याला मारावं की बगल देऊन पळावं, याचा हिशेब करावा लागतो. आणि खेळ जिथवर आला तो जपून ठेवायचा असेल, तर टाइपरायटर असलेली खोली गाठायची आणि त्यात शाईची रिबन घालायची. रिबनी मोजक्याच. प्रत्येक नोंदीला एक खर्च.

आमच्या पिढीत बी.ए. झालेल्याला घरचे सांगायचे, टायपिंगची परीक्षा देऊन ठेव. मराठी तीस, इंग्रजी चाळीस. रिबन विटली की अक्षरं फिकट उमटायची, तरी सर ती बदलू देत नसत. रिबन जपून वापरायची असते, हे मला ठाऊक होतं. त्या रात्री मुलाचा खेळ कुठं अडला होता, हे मात्र ठाऊक नव्हतं. तासाभराची त्याची वाटचाल मी एका बटणानं पुसून टाकली होती.

वाड्यात एक रोजनिशी सापडते. प्राण्यांची देखभाल करणाऱ्या नोकराची. सुरुवातीला पत्त्यांचा डाव, साहेबांच्या तक्रारी. मग अंगाला खाज सुटते, ताप येतो. हळूहळू वाक्यं तुटतात आणि शेवटी दोन-तीन शब्दच उरतात. वाड्याखाली अंब्रेला नावाच्या औषध कंपनीची प्रयोगशाळा आहे आणि तिथून सुटलेल्या विषाणूनं हे झालंय, हे पुढं कळतं. माणसाचं माणूसपण जातं तेव्हा आधी त्याची भाषा जाते, हे त्या चिटोऱ्यात मी वाचलं. इतकी वर्षं भाषेशी झटापट केलेल्या मला तिथं जेवढी भीती वाटली, तेवढी कुत्र्याचीही वाटली नव्हती.

दुसरा भाग जानेवारी १९९८ मधला. हिदेकी कामिया त्याचे दिग्दर्शक. बराचसा तयार झालेला खेळ पसंत पडला नाही म्हणून त्यांनी टाकून दिला आणि पुन्हा पहिल्यापासून रचला. नोकरीच्या पहिल्याच दिवशी मुडद्यांच्या शहरात पोचलेला पोलीस शिपाई, आणि भावाला शोधत आलेली बहीण. पूर्वी संग्रहालय असलेल्या इमारतीत थाटलेलं पोलीस ठाणं मला वाड्याइतकंच आवडलं. १९९९ च्या तिसऱ्या भागात एकच राक्षस दारामागून दारं ओलांडत पाठलाग करतो. तोवर दार बंद केलं की सुटलो, असा भरवसा होता, तोही गेला.

२००५ साली चौथा भाग आला. पुन्हा मिकामी. कॅमेरा नायकाच्या खांद्यामागे गेला. नेम धरायचा, धडाधड उडवायचं, व्यापाऱ्याकडून बंदुका घ्यायच्या. खेळ उत्तमच, पण माझी भीती पातळ झाली. टाइपरायटर होता, मात्र रिबन लागत नव्हती. २००९ च्या पाचव्या भागात टाइपरायटरच गेला; ठरावीक टप्प्यांवर यंत्र आपणच नोंद ठेवू लागलं. आणि २०१९ साली दुसरा भाग नव्यानं केला, तेव्हा सर्वांत अवघड पातळी निवडणाऱ्यांसाठी रिबन परत आणावी लागली. टंचाई ही काही नुसती अडचण नव्हती, हे करणाऱ्यांच्याही ध्यानात आलं असावं.

परवा मुलाला फोन केला. त्या रात्रीबद्दल काहीतरी बोलायचं होतं, शब्द जुळवत होतो. त्यानंच विचारलं, ‘अब्बा, कुठवर आलात?’

‘ठाण्यातच आहे, बेटा. वरच्या मजल्यावर.’

‘रिबनी किती उरल्यात?’

‘एकच.’

तो हसला. म्हणाला, ‘मग आत्ता फोन ठेवा. आधी टाइपरायटरपर्यंत जा.’