चर्चगेटच्या एका लहान इमारतीचा लौकिक



खंडाळा म्हटले की परगावच्या माणसाला लोणावळ्याजवळची थंड हवा आठवते. आपला खंडाळा खंबाटकी घाटाच्या पायथ्याचा. येथे हवा खायला कोणी येत नाही, कामाला मात्र येतात. महामार्गालगत औद्योगिक वसाहत झाली, 2013 साली एशियन पेंट्सचा कारखाना सुरू झाला, शिरवळची वसाहत तर त्याआधीचीच. आपली मुले तेथे पाळीवर जातात. पण व्यवस्थापकाच्या खुर्चीत आपल्यापैकी किती जण आहेत, हे आपणच आठवून पाहावे.

मध्यंतरी गॅरेज चालवणारे एक पालक शाळेत आले. मुलगी बी.कॉम. झालेली. म्हणाले, "सर, पोरगी एमबीए करायचं म्हणते. पण ते पैसेवाल्यांचं शिक्षण ना?" त्यांचा समज अगदीच खोटा नव्हता. माझ्याच एका माजी विद्यार्थ्याच्या वडिलांनी गुळगुळीत माहितीपत्रक पाहून, शेत गहाण टाकून एका खासगी संस्थेची फी भरली होती. मुलाला पदवी मिळाली, नोकरी मात्र पदवीशिवाय मिळाली असती तीच मिळाली. तरीही त्या पालकांना मी जे सांगितले ते आपणही ऐकावे. मी इतिहास शिकवतो, म्हणून सुरुवात थोडी मागून करतो.

धंद्याचे शिक्षण महाविद्यालयात देता येते ही कल्पना मुंबईने लवकर स्वीकारली. 1913 साली तेथे सिडनेहॅम वाणिज्य महाविद्यालय निघाले. स्वातंत्र्यानंतर कारखाने वाढले तसा केवळ जमाखर्च पुरेना; माणसे, माल, पैसा आणि बाजार यांचा मेळ घालणारा माणूस हवा झाला. 1953 साली कलकत्त्यात व्यवस्थापनाची संस्था निघाली आणि 1961 साली केंद्र सरकारने कलकत्ता व अहमदाबाद येथे दोन आय.आय.एम. काढल्या. मुंबईसारखे उद्योगाचे शहर या दोन्ही वेळी बाजूलाच राहिले. ही उणीव मुंबई विद्यापीठाने 1965 साली भरून काढली. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या व्यवस्थापन शाळेचे सहकार्य घेऊन जमनालाल बजाज व्यवस्थापन अभ्यास संस्था सुरू झाली.

नाव कोणाचे दिले तेही पाहण्यासारखे आहे. जमनालालजींचा जन्म 1889 साली राजस्थानात झाला. वर्ध्याच्या बच्छराज शेठजींच्या घराण्यात ते दत्तक गेले. शाळेतले शिक्षण बेताचे. गांधीजी त्यांना आपला पाचवा पुत्र मानीत. सरकारने दिलेली रायबहादूर ही पदवी त्यांनी परत केली आणि 1928 साली वर्ध्याचे आपले लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले केले. धनिक हा संपत्तीचा मालक नसून विश्वस्त आहे, असे गांधीजी म्हणत. ते वागण्यात आणू पाहणारा हा व्यापारी होता. त्यांच्या नावाच्या संस्थेतून बाहेर पडणारे सारेच ते ध्यानात ठेवतात, असे मात्र मी म्हणणार नाही.

संस्थेची इमारत चर्चगेट स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आय.आय.एम.सारखे विस्तीर्ण आवार तिला नाही. पण जागा मोक्याची. एका बाजूला नरिमन पॉइंट, दुसऱ्या बाजूला फोर्ट. बँका आणि कंपन्यांच्या कचेऱ्या हाकेच्या अंतरावर. त्यामुळे दिवसा कंपनीत निर्णय घेणारा अधिकारी येथे येऊन त्याच निर्णयांवर तास घेऊ शकला. नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळचे अभ्यासक्रमही चालले. पुस्तकातला बाजार आणि खिडकीबाहेरचा बाजार यांत फार अंतर उरले नाही. माझ्या मते लौकिकाचे खरे मूळ येथे आहे.

विद्यार्थ्यांची नावे तर सर्वपरिचित आहेत. उदय कोटक यांनी येथून 1982 साली पदवी घेतली, 1985 साली वित्तसंस्था काढली आणि 2003 साली तिची बँक झाली. अजय पिरामल येथलेच. ब्रिटानियाच्या प्रमुख झालेल्या विनिता बाली येथल्याच. हरीश मनवानी युनिलिव्हर या जागतिक कंपनीचे मुख्य परिचालन अधिकारी झाले. यावरून संस्थेला लोक 'सीईओंचा कारखाना' म्हणू लागले. मला हा शब्द रुचत नाही. जागा मोजक्या आणि चाळणी बारीक. तेव्हा निम्मे श्रेय त्या चाळणीलाच द्यायला हवे.

पण ती चाळणी कशाची, हे पालकांनी नीट समजून घ्यावे. देणगीची नव्हे. राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि गुणानुक्रमे प्रवेश होतो. नामवंत खासगी संस्थांच्या मानाने फी बरीच कमी. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची शिष्यवृत्तीही आहे. कागदपत्रे वेळेत जमवली नाहीत की ती हुकते, आणि आपल्याकडे नेमके तेच होते. उत्पन्नाचा दाखला शेवटच्या आठवड्यात मागायला जाणारे पालक मी दर वर्षी पाहतो.

मुंबई दूर वाटत असेल तर पुणे विद्यापीठाचा व्यवस्थापन विभाग 1971 पासून आहे, आणि कोल्हापूरची शाहू संस्था 1976 पासून. मात्र सार्वजनिक संस्थांत सारेच आलबेल नाही. प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा हे राज्यातील विद्यापीठांचे जुने दुखणे आहे. जुन्या नावावर विसंबून न राहता आज कोण शिकवते, गेल्या वर्षीची मुले कोठे लागली, हे तेथे जाऊन विचारावे.

गॅरेजवाल्या त्या पालकांनी मुलीचा प्रवेश परीक्षेचा अर्ज भरला आहे. दुपारी ती आमच्या शाळेच्या वाचनालयात बसून उदाहरणे सोडवते. अडले की माझ्याकडे येते. मी इतिहासाचा माणूस, तिला गणिताच्या सरांकडे पाठवतो.