विमानात मुलासाठी ऑक्सिजन: कोणतं मशीन चालतं, बॅटरी किती लागते?

समजा, घरातलं लहान मूल ऑक्सिजनवर आहे आणि उपचारासाठी आकुर्डीहून दिल्लीला न्यायचंय. कोविडच्या दुसऱ्या लाटेत घेतलेला ५ लिटरचा कॉन्सन्ट्रेटर घरात पडून आहे. तो विमानात चालेल का? नाही. त्याला बॅटरी नसते, भिंतीतला प्लग लागतो.

विमानात ऑक्सिजन का कमी पडतो?
केबिनमधला हवेचा दाब साधारण ६ ते ८ हजार फूट उंचीवर असतो तेवढा ठेवतात. हवेत ऑक्सिजन २१ टक्केच असतो, पण दाब कमी झाल्यामुळे ८ हजार फुटांच्या पातळीला शरीराला तो १५ टक्के असल्यासारखा मिळतो. म्हणून घरी लागणारा फ्लो विमानात पुरेलच असं नाही. तो किती वाढवायचा हे डॉक्टरच ठरवणार. वरून पडणारे मास्क इमर्जन्सीसाठी असतात आणि काही मिनिटंच चालतात. त्यांच्या भरवशावर राहू नका.

मग काय न्यायचं?
पोर्टेबल कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे पीओसी. यातला झिओलाइट हवेतला नायट्रोजन पकडून ठेवतो आणि जवळपास ९० टक्के शुद्ध ऑक्सिजन पुढे सोडतो. मशीन विमानात वापरायला मान्य असल्याचं त्याच्या लेबलवर लिहिलंय का ते बघा. स्वतःचा सिलिंडर साधारणपणे नेऊ देत नाहीत.

सगळ्यात मोठी चूक: पल्स मोड
बरेच छोटे पीओसी फक्त श्वास आत घेताना ऑक्सिजन सोडतात. लहान मुलाचा, त्यातही झोपलेल्या मुलाचा श्वास इतका हलका असतो की सेन्सरला तो कळत नाही. मशीन चालू दिसतं, पण ऑक्सिजन पोचत नाही. शिवाय पल्स मोडची ‘२’ सेटिंग म्हणजे मिनिटाला २ लिटर नव्हे. कंटिन्युअस फ्लो लागेल का, हे डॉक्टरांना विचारा आणि ऑक्सिमीटर लावून घरीच ट्रायल घ्या.

बॅटरीचं गणित
आकुर्डी ते लोहगाव १ तास, विमानतळावर २ तास, पुणे-दिल्ली सव्वादोन तास. झाले सव्वापाच तास. दीडपट धरा, म्हणजे साधारण ८ तास. हिवाळ्यात दिल्लीतलं धुकं लक्षात घेऊन आणखी वाढवा. कंटिन्युअस मोडमध्ये बॅटरी फार लवकर उतरते, त्यामुळे मॅन्युअलमधला त्याच मोडचा आकडा घ्या. सीटजवळचा प्लग हिशोबात धरू नका.

व्होल्ट × अँपिअर-अवर = वॉट-अवर. उदा. १४.४ × ६.८ = सुमारे ९८.
- १०० पर्यंत: साधारणपणे चालते.
- १०० ते १६०: एअरलाइनची परवानगी लागते, जास्तीत जास्त २ स्पेअर.
- १६० च्या वर: प्रवासी सामानात नाही.

स्पेअर बॅटऱ्या कायम हँडबॅगेत ठेवा, चेक-इनमध्ये नाही. टर्मिनलवर टेप लावा.

तिकीट काढण्याआधी
१. ‘मेडिफ’ फॉर्म डॉक्टरांकडून भरून घ्या.
२. एअरलाइनला फोन करून मशीनचं मॉडेल कळवा, किमान ४८ तास आधी.
३. मंजुरीचा ईमेल आणि डॉक्टरांचं पत्र मोबाइलवर ऑफलाइन सेव्ह करा, प्रिंटही जवळ ठेवा.

मंजुरी हातात आल्याशिवाय नॉन-रिफंडेबल तिकीट काढू नका.