पहाटे ४:५२

या नोंदीतल्या वेळा भारतीय आहेत, गोंदियाच्या घड्याळातल्या. ३१ जानेवारी २००७, पहाटे ४ वाजून ५२ मिनिटं ही शेवटची वेळ. ज्या रॉकेट उड्डाणाची ही नोंद आहे ते घडलं तिथे, प्रशांत महासागरावर, तेव्हा ३० तारखेची दुपार होती. आधीचे तास सी लाँच कंपनीच्या प्रक्षेपणाच्या नेहमीच्या वेळापत्रकावरून मांडले आहेत.

गोंदियाचं घड्याळ धरलं, कारण त्या रॉकेटवरचा उपग्रह आपल्या आकाशात जाणार होता. एनएसएस-८ ची जागा ठरलेली होती: ५७ अंश पूर्व रेखांश, विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर. गोंदियातल्या एखाद्या गच्चीवरून पाहिलं तर नैर्ऋत्येला, क्षितिजापासून सुमारे ५४ अंश वर. भारत, मध्यपूर्व, आफ्रिका आणि युरोप त्याच्या टप्प्यात येणार होते. वजन ५,९२० किलो. ट्रान्सपाँडर ९२. मालक एसईएस न्यू स्काइज, बांधणी बोइंगची.

२२ सप्टेंबर १९८८, उत्तर समुद्र

‘ओशन ओडिसी’ हा तेलविहीर खोदणारा तरंगता तळ. विहिरीतून वायू उसळतो आणि पेट घेतो. पायपर अल्फा या तेलतळावर १६७ माणसं गेली त्याला अजून तीन महिनेही झालेले नाहीत. इथे एक सोडून सगळे वाचतात. तो एक म्हणजे रेडिओ ऑपरेटर. बोटीपाशी आलेल्या त्या माणसाला रेडिओ कक्षात परत पाठवलं जातं. तो तिथून बाहेर येत नाही.

तळाचं लोखंड मात्र शाबूत राहतं.

४ ऑक्टोबर १९९०, बायकोनूर

झेनिट रॉकेट उड्डाणानंतर काही सेकंदांत पहिल्या टप्प्याच्या इंजिनाच्या बिघाडाने परत मंचावरच कोसळतं. मंच उद्ध्वस्त होतो. तो पुन्हा उभारला गेला नाही. इंजिन आरडी-१७१ जातीचं. हे नाव पुढे लागेल.

१९९५

बोइंग, रशियाची एनर्गिया, नॉर्वेची क्वेर्नर आणि युक्रेनचे रॉकेट कारखाने एकत्र येऊन सी लाँच स्थापन करतात. जळालेला तो तळ नवा होतो आणि त्याचं नाव ‘ओडिसी’ राहतं. लांबी १३३ मीटर, रुंदी ६७. त्यावर झेनिटचीच सुधारित आवृत्ती उभी राहणार.

समुद्रात जायचं कशाला, याचं उत्तर पृथ्वीच्या फिरण्यात आहे. विषुववृत्तावरची जमीन ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जाते, गोंदियाच्या अक्षांशावर हाच वेग सुमारे १,५५० आहे. विषुववृत्तावरून निघालेल्या रॉकेटला तो जास्तीचा वेग फुकट मिळतो, आणि उपग्रहाची कक्षा तिरकी झाली म्हणून ती सरळ करण्यात इंधन जाळावं लागत नाही. पण तिथे, १५४ अंश पश्चिमेला, जमीन नाही. म्हणून जमीन सोबत न्यायची.

एक नियम पहिल्यापासून ठेवला गेला: रॉकेटमध्ये इंधन भरायला लागल्यापासून तळावर एकही माणूस नसेल. १९८८ च्या त्या माणसाची आठवण ठेवून हा नियम झाला, असा माझा दावा नाही. पण त्याच लोखंडावर तो झाला, हे मला विसरता येत नाही.

१२ मार्च २०००

तिसरं उड्डाण. जमिनीवरच्या संगणक प्रणालीतून एक आज्ञा राहून गेलेली असते. दुसऱ्या टप्प्यातली एक झडप उघडीच राहते, दाब गळतो, आयसीओ कंपनीचा उपग्रह समुद्रात जातो. कारण सापडतं आणि आज्ञा घातली जाते. त्यानंतरच्या सात वर्षांत एकच उपग्रह ठरल्यापेक्षा खालच्या कक्षेत पोचतो. एनएसएस-८ चं उड्डाण चोविसावं.

जानेवारी २००७

ओडिसी आणि ‘सी लाँच कमांडर’ हे नियंत्रण जहाज कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचहून निघतात. प्रवास दीडेक आठवड्याचा. थांबा हवाईच्या दक्षिणेला सुमारे २,२०० किलोमीटरवर. तळाच्या पोकळ पायांत समुद्राचं पाणी घेतलं जातं. तळ खाली बसतो, डोलणं कमी होतं.

२८ जानेवारी, पहाटे. उणे ७२ तास

उलटगणती सुरू. कमांडर आणि ओडिसी शेजारी, मध्ये जोडपूल. माणसं ये-जा करतात. झेनिट बंद शेडमध्ये आडवं आहे.

३० जानेवारी, पहाटे २ च्या सुमारास. उणे २७ तास

शेडचं दार उघडतं. सुमारे ६० मीटर लांबीचं रॉकेट रुळांवरून मंचावर येतं आणि उभं केलं जातं. नळ्या, तारा, जोडण्या तपासल्या जातात. जे बाहेरून तपासता येतं ते सगळं तपासलं जातं.

३० जानेवारी, मध्यरात्रीच्या सुमारास. उणे ५ तास

शेवटची माणसं तळ सोडतात. कमांडर सुमारे साडेसहा किलोमीटरवर जाऊन थांबतो. आता तळावर जे होईल ते दुरून दिलेल्या आज्ञेने.

हा निर्णय दर उड्डाणाला घेतला जायचा, इतका नेमाचा की त्याला निर्णय म्हणणंही कुणाला सुचलं नसेल.

३१ जानेवारी, २ च्या सुमारास. उणे ३ तास

इंधन भरणं. केरोसीन, आणि उणे १८३ अंशाच्या आसपासचा द्रवरूप ऑक्सिजन. भरल्यावर रॉकेटचं वजन सुमारे ४७० टन होतं.

इथे थांबून इंजिनाबद्दल सांगायला हवं. आरडी-१७१ मध्ये ऑक्सिजनचा प्रचंड प्रवाह टर्बोपंप नावाच्या एका फिरत्या यंत्रातून जातो. हा पंप प्रचंड दाब निर्माण करतो, तेव्हाच ज्वलनाच्या चार कक्षांतून सातशे टनांहून अधिक रेटा मिळतो. एवढ्या दाबाच्या ऑक्सिजनमध्ये धातूसुद्धा इंधनासारखा पेटतो. धातूचा लहानसा तुकडा फिरत्या पात्याला घासला, ठिणगी पडली, की पंपच जळू लागतो.

असा एक तुकडा आत आहे. इंजिन बंद आहे, रॉकेट उभं आहे, तळ रिकामा आहे. उलटगणतीतल्या कोणत्याही टप्प्यावर तो कुणाच्या नजरेस पडायची सोय नाही.

४:३५. उणे १७ मिनिटं

रॉकेटला आधार देणारी चौकट मागे झुकते आणि शेडमध्ये परत जाते. झेनिट मोकळं उभं राहतं. थेट प्रक्षेपण जगभर दिसतं आहे. ज्यांनी या उपग्रहावर वर्षं घालवली ते आता फक्त पाहू शकतात.

४:४२. उणे १० मिनिटं

गोंदियात थंडीची पहाट, उजाडायला दोनेक तास अवकाश. समुद्रावर दुपारचं ऊन.

४:५१ आणि काही सेकंद

झडपा उघडतात. टर्बोपंप फिरू लागतो. तळाखालच्या ज्वालारोधकावर आग आदळते.

४:५२

रॉकेट वर जाताना दिसत नाही. ते मंचाच्या भोकातून खाली सरकतं, ज्वाला बाजूंनी फुटतात, आणि आगीचा गोळा सगळा मंच झाकून टाकतो. पडद्यावर धूर. थोड्याच वेळात थेट प्रक्षेपण बंद होतं.

कुणीही जखमी झालं नाही.

नंतर

चौकशीचा निष्कर्ष: इंजिनाच्या पंपात शिरलेली धातूची परकी वस्तू. स्फोटाने ज्वालारोधक तुटून समुद्रात गेला. तळाचं बाकीचं नुकसान भीती होती त्यापेक्षा कमी निघालं. ओडिसी स्वतःच्या बळावर परतलं आणि कॅनडात दुरुस्त झालं. १५ जानेवारी २००८ रोजी त्याच तळावरून थुराया-३ व्यवस्थित गेला. २२ जून २००९ रोजी कंपनीने दिवाळखोरीतून संरक्षण मागितलं.

५७ अंश पूर्वेची जागा जुना एनएसएस-७०३ धरून राहिला. २९ ऑक्टोबर २००९ रोजी एनएसएस-१२ निघाला आणि पुढे त्याने ती घेतली. तो एरियान रॉकेटवरून गेला, जमिनीवरून. गोंदियाच्या नैर्ऋत्येच्या त्या जागेसाठी नवा उपग्रह निघायला अडीच वर्षांहून जास्त काळ लागला.

ओडिसीवर ६८ माणसांच्या राहण्याची सोय होती. ४ वाजून ५२ मिनिटांनी त्या सगळ्या खोल्या रिकाम्या होत्या.